बाबांना ऐकू येतं, पण कळत नाही

मुलुंड पूर्व,
रविवार, रात्र

प्रिय मंद्या,

परवा फोनवर मी ‘बघू रे, ठरवतो’ म्हणून विषय तोडला, ते तुला लागलं असेल. तू नाशिकहून इतक्या आपुलकीनं सांगत होतास, की टीव्हीला जोडलेलं ते स्पीकरचं डबडं आता काढून टाक आणि माझ्यासारखं फाइव्ह पॉइंट वन होम थिएटर घे, आणि मी नीट बोललोसुद्धा नाही. बाबा शेजारीच बसले होते आणि विषय त्यांचाच होता. त्यांच्यादेखत तो काढणं मला जमेना. म्हणून हे पत्र. लांबेल, पण सवडीनं वाच.

तू ज्याला डबडं म्हणतोस ते आपण दोघांनी मिळून आणलंय, आठवतं ना? २००८ साल, माझा पहिला पगार. गिरगावातून चालत लॅमिंग्टन रोडला गेलो, दुकानदारानं एकच गाणं चार सेटवर वाजवून दाखवलं, आणि येताना वूफरचं, म्हणजे खोल आवाजाच्या मोठ्या स्पीकरचं, खोकं तुझ्या खांद्यावर, दोन छोटे स्पीकर माझ्या पिशवीत. चाळीतल्या खोलीत कॉम्प्युटरला ते जोडले तेव्हा गॅलरीतली सगळी पोरं दारात जमली होती. मुलुंडला आलो तेव्हा निम्मं सामान मागे ठेवलं, पण हे बरोबर आणलं. आता ते टीव्हीच्या हेडफोनच्या भोकाला जोडलेत. म्हणून तू फेकून दे म्हणालास तेव्हा जरा टोचलं. पण अडलंय ते त्यापायी नाही.

गेल्या पावसाळ्यापासून वूफर सारखा घुमायला लागला होता. एका रविवारी उघडला. कोनाभोवतीची, म्हणजे आवाज काढणाऱ्या थरथरत्या पडद्याभोवतीची, फोमची कडा बोट लावल्याबरोबर खारी बिस्किटासारखी चुरली, काळा भुगा नखात गेला. आपल्या दमट हवेत फोम असाच कुजतो. आतल्या बोर्डावरचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते. ते बदलून घेतल्यावर घूं घूं थांबलं. कडा नवीन बसवून मिळते, ती बसवली. म्हणजे सेट धडधाकट आहे. बाबांचा त्रास मात्र तसाच राहिला, आणि तेव्हा मला कळलं की मी भलत्याच जागी हात घालतोय.

त्रास काय, ते नीट सांगतो. रात्री आठला बाबा सोफ्यावर बसतात. आधी म्हणायचे, ‘आवाज वाढव.’ मी वाढवायचो. मग पार्श्वसंगीत आलं की भांडी थरथरायची, आई आतून ओरडायची, मी कमी करायचो, की परत ‘काय म्हणाला रे तो?’ असं वर्षभर चाललं. आता ते विचारतच नाहीत. मला आधी बरं वाटलं, म्हटलं सवय झाली. मग एकदा माझं लक्ष टीव्हीवरून त्यांच्याकडे गेलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. आमच्या तोंडाकडे बघत होते, आणि आम्ही हसलो की अर्ध्या क्षणानं हसत होते. मंद्या, त्या रात्री मला झोप लागली नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासणीचा कागद समोर धरला, त्यावरची रेघ डावीकडे, खालच्या पट्टीत, जवळजवळ सरळ आणि २००० हर्ट्झच्या पुढे, वरच्या पट्टीत, घाट उतरल्यासारखी खाली. त्यांनी जे सांगितलं त्यानं माझे डोळे उघडले. वय झालं की आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं. आपल्या बोलण्यातले स्वर, अ आ ओ, खालच्या पट्टीत असतात आणि त्यांनाच जोर असतो. स, श, फ, थ, ट ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळात हलकी. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं, पण ‘साठ’ म्हणाला, ‘पाठ’ म्हणाला की ‘काठ’, ते कळत नाही. बाबा कितीतरी दिवस हेच सांगत होते, ‘ऐकू येतं रे, पण कळत नाही,’ आणि मी आवाजाचं बटण फिरवत होतो. बटण फिरवलं की सगळंच वाढतं, आणि आपल्या वूफरवर सगळ्यात आधी वाढतो तो बेस, खालच्या पट्टीचा आवाज. जे त्यांना आधीच नीट ऐकू येतं तेच मी वाढवत होतो.

कानाचं मशीन घेतलंय. बाहेर जाताना, बँकेत, देवळात लावतात. पण दिवसभर लावून संध्याकाळी कान दुखतो, म्हणून घरी काढून डबीत ठेवतात. त्याला मी हट्ट म्हणत नाही. स्वतःच्या घरात तरी माणसाला मोकळं बसता यायला हवं.

मग मी स्पीकरबद्दल वाचायला लागलो. तुझ्या सेटमध्ये पाच स्पीकर आणि एक वूफर. त्यातला टीव्हीखालचा मधला, सेंटर, खरा कामाचा, कारण सिनेमात आणि हल्लीच्या वेब मालिकांत बहुतेक संवाद त्याच्यासाठीच वेगळे ठेवलेले असतात. माझ्या टू पॉइंट वनला, म्हणजे दोन स्पीकर आणि एक वूफर, सेंटरच नाही. हेडफोनच्या भोकातून डावा-उजवा एवढंच बाहेर येतं, त्यामुळे संवाद, वाद्यं, पाऊस, गाड्या सगळं त्या दोन डब्यांत कालवलं जातं. त्यात आणखी एक गोम आहे. दोन स्पीकरमधून एकच आवाज आला की तो मधून आल्यासारखा भासतो, पण डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो, उजव्याचा डाव्याला, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून २००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला खड्डा पडतो. तरण्या कानाला तो जाणवत नाही. बाबांचा कान मात्र नेमका तिथूनच उतरायला लागलाय.

हे वाचून मी एक पैसा न खर्चता प्रयोग केला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज मोनो केला, म्हणजे डावा-उजवा मिळून एकच, एक छोटा स्पीकर काढून ठेवला, वूफर पार उतरवला, आणि उरलेला एकच स्पीकर टीव्हीच्या बरोबर खाली, दोन जाड पुस्तकांवर तिरका, तोंड बाबांच्या कानाकडे करून ठेवला. त्यांना काही सांगितलं नाही. आवाज रोजच्यापेक्षा कमीच होता. दहा मिनिटांनी बाबा एकदम म्हणाले, ‘हा मामाच सगळ्याच्या मुळाशी आहे. पोरीला फसवतोय तो.’ आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. कितीतरी महिन्यांनी त्यांनी मालिकेतल्या माणसाला नावं ठेवली होती.

आता तू म्हणशील, मग माझंच खरं ठरलं, सेंटर हवा तर होम थिएटर घे. अर्धं खरं आहे. पण तुझा बंगला आणि माझा हॉल यांत फरक आहे. माझा हॉल १० बाय १२. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, उजवीकडे स्वयंपाकघरात जायची वाट, डावीकडे कपाट. सराउंडचे, म्हणजे भोवतालच्या आवाजाचे, दोन स्पीकर ऐकणाऱ्याच्या बाजूला आणि जरासे मागे हवेत, समोरून मोजलं तर ११० अंशांच्या आसपास. माझ्याकडे मागे जागाच नाही. एक कपाटाच्या दाराला आणि एक येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्याला, असे ते लागणार. बाबांच्या कानाला चिकटून पाऊस पडत राहील आणि समोरचं बोलणं परत बुडेल.

मोठा वूफर तर नकोच. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन भिंतींमध्ये असा अडकतो की भिंतीपाशी तो फुगतो. आणि आमचा सोफा भिंतीपाशीच. मी मोबाइलवरून एकेक सूर लावून पाहिला, त्या आकड्याला शोकेसची काच वाजायला लागली आणि थोडं वर गेलं की शांत. वूफर कोपऱ्यातून अडीच फूट पुढे ओढला तर फुगणं बरंच उतरलं. शिवाय असा खोल आवाज भिंत आणि स्लॅब दोन्ही ओलांडून जातो. खालच्या मजल्यावर एकट्या आजी राहतात, नऊला झोपतात. त्या तक्रार करायच्या नाहीत, म्हणून तर मला जास्त जपायला हवं.

तेव्हा माझं असं ठरतंय. खोक्यातला तयार सेट नाही. एक रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरना वाटून देणारा डबा, आणि समोरचे तीनच स्पीकर: डावा, उजवा, मधला. सराउंड नाही, वूफर सध्या हाच, अगदी हळू. रिसीव्हर का, तर त्यात मधल्या स्पीकरचा आवाज बाकीच्यांना हात न लावता वाढवता येतो. रात्री मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर काढायचीही सोय बऱ्याच रिसीव्हरमध्ये असते. टीव्हीला एआरसीवालं एचडीएमआय, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणारं भोक, आहे, एका वायरीत काम होईल. उद्या एखादी वस्तू बिघडली तर तेवढीच बदलता येईल. स्पीकर घेताना कोनाची कडा रबराची आहे का ते आधी बघणार, फोमचा धडा मिळालाय. वॅटच्या आकड्यांना भुलणार नाही. खोक्यावर पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा, लिहून हजारांचे आकडे छापतात, त्यांना काही अर्थ नाही, आणि खरे वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. माझ्या खोलीला थोडे खरे वॅट पुष्कळ.

साउंडबारचाही विचार केला, वायरींचा पसारा नाही म्हणून. मी जे दोन ऐकले त्यांत मधला वेगळा स्पीकरच नव्हता, नुसती लांब पट्टी. मधला स्पीकर असलेला थ्री पॉइंट वन मिळाला आणि बाबांना पटला तर मी अडून बसणार नाही.

एक फायदा मला नंतर सुचला. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास, आणि बाबांच्या आवडीची निम्मी गाणी त्याआधीची, म्हणजे मोनो. ती सगळी मधल्या एकाच स्पीकरवर लावता येतील. गाणारा समोर बसून गातोय असं त्यांना वाटावं, एवढीच माझी इच्छा आहे.

आता तुझ्याकडे मागणं. पुढच्या महिन्यात तू कामासाठी येणार आहेस, तर शनिवार मोकळा ठेव. लॅमिंग्टन रोडला जाऊ, बाबांना घेऊन. पेन ड्राइव्हमध्ये त्या मामाच्या मालिकेतला संवादाचा एक तुकडा आणि एक जुनं नाट्यगीत भरून ठेवलंय, प्रत्येक दुकानात तेच लावायचं. कुठला स्पीकर चांगला ते तू किंवा मी बोलायचं नाही. दुकानदार मोठ्यानं लावेल, त्याला कमी करायला सांगायचं आणि बाबांना विचारायचं, तो काय म्हणाला. आणि एक लक्षात ठेव, त्यांच्याशी बोलताना समोर बसून बोल, चेहरा दिसू दे, ओरडू नकोस. ओरडलं की स्वरच मोठे होतात.

त्यांना मी एवढंच सांगितलंय की मंद्या येतोय, आपण तिघं स्पीकर आणायला जायचंय. लगेच म्हणाले, ‘गेल्या वेळी खोकं त्यानं उचललं होतं, या वेळी टॅक्सी करा.’

वहिनींना नमस्कार, पिल्लाला पापा. गाडीची वेळ कळव.

तुझा,
नंदू