टोप कोणी बसवला, हे आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑस्कर मिळवणारे स्त्रीवेशाचे चित्रपट श्रेष्ठ की ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’ ही ड्रॅगची, म्हणजे स्त्रीवेश धारण करून रंगमंचावर उतरणाऱ्या कलाकारांची अमेरिकी टीव्ही स्पर्धा, यावर आपल्या पुरवणीत वाचकांची पत्रे येत आहेत. दोन्ही बाजू हिरिरीने लिहितात, पण समोरचे काम कोणाच्या हातचे आहे हे कोणी विचारत नाही. त्यामुळे सगळी तुलनाच घसरते.

‘मिसेस डाउटफायर’ला १९९४ साली रंगभूषेचे ऑस्कर मिळाले ते ग्रेग कॅनम, व्ही नील आणि योलांडा तूसिएंग या तिघांना. रॉबिन विल्यम्स यांचा अभिनय अफाट आहे, पण तो चेहरा त्यांनी स्वतः रंगवलेला नव्हता. पुढच्या वर्षी ‘प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट’ला वेशभूषेचे ऑस्कर मिळाले, ते लिझी गार्डिनर आणि टिम चॅपल यांना. त्यातला रबरी चपलांचा पोशाख सगळ्यांना आठवतो. आता ड्रॅग रेसचा २००९ मधला अगदी पहिला भाग पाहा. तिथेही स्वस्तातल्या दुकानी मालातून पोशाख करायचा होता. फरक इतकाच की कल्पना, कापणे, शिवणे, रंगभूषा, टोप (विग) आणि ते सगळे घालून चालणे, सगळे एकाच माणसाच्या अंगावर.

हे काम किती किचकट असते ते भुवईवरून कळेल. पुरुषाची दाट भुवई झाकून वर नवी काढायची असते. आधी भुवई स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवायचा. मग शाळेतल्या मुलांची साधी ग्लू स्टिक घेऊन आधी केसांच्या उलट दिशेने, मग सुलट, वर विंचरत फिरवायची आणि केस कपाळाला सपाट दाबायचे. असे तीन-चार पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. त्यावर पावडर दाबायची, काळी झाक मारायला नारिंगी करेक्टर लावायचा आणि मग फाउंडेशन. घाई होते ती वाळण्यात. ओल्या थरावर पावडर बसली की दिव्यांच्या उष्णतेत खालून बुडबुडा येतो, घाम फुटला की कड सुटते आणि कपाळावर दोन भुवया दिसू लागतात. दाढीच्या निळसर ठशालाही हाच नारिंगी रंग लागतो. तो न लावता नुसते फाउंडेशन थापले तर चेहरा राखाडी दिसतो.

कंबर-मांड्यांचा आकार गादीच्या फोमचा. नितंबापाशी साधारण पाच सेंटिमीटर जाडी ठेवायची आणि कडा तासत तासत कागदासारखी करायची. वरून तीन-चार घट्ट टाइट्स. कड जाड राहिली तर मांडीवर रेघ उमटते. डावा-उजवा तुकडा एकमेकांवर ठेवून तासला नाही तर चालताना एक बाजू खाली दिसते. परीक्षक या फोमच्या पॅडिंगवर बोलतात तेव्हा अनेक प्रेक्षकांना तो खवचटपणा वाटतो. बहुतेक वेळा बोट या कडेवरच ठेवलेले असते.

शिवण येत नसलेले स्पर्धक हॉट ग्लूवर, म्हणजे वितळवून लावायच्या गोंदावर भागवतात. ताणल्या जाणाऱ्या कापडावर तो गोंद कडक होतो, कापड ताणले तरी तो ताणला जात नाही. रॅम्पवर चालेपर्यंत ठीक, पण लिप सिंकला, म्हणजे वाजणाऱ्या गाण्यावर ओठ हलवत नाचण्याच्या फेरीत, पाय फाकवून खाली बसले की शिवण तिथेच उकलते.

एका पत्रात ‘नुसते ओठ हलवण्यात कसली कला, बालगंधर्व स्वतः गात’ असे आले होते. नारायणराव राजहंस स्वतः गात, यात वाद नाही. पण पत्रलेखक दाखला देतात २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटाचा. त्यात पडद्यावर सुबोध भावे आहेत आणि गळा आनंद भाटे यांचा. पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार भाटे यांना, वेशभूषेचा नीता लुल्ला यांना आणि रंगभूषेचा विक्रम गायकवाड यांना मिळाला. म्हणजे भावे यांनीही लिप सिंकच केले आणि ते उत्तम केले. गायक जिथे श्वास घेतो तिथे छाती वर यावी लागते, ‘प-ब-म’ला ओठ पुरते मिटावे लागतात. चित्रपटात चुकले तर दुसरा टेक घेता येतो. स्पर्धेत गाणे एकदा सुरू झाले की बाहेर पडण्याचा निकाल त्यावरच लागतो.

नवव्या हंगामाची अंतिम फेरी (२०१७) अजून भांडणाचा विषय आहे. मुकुट लिप सिंकच्या एकामागून एक बाद सामन्यांवर ठरण्याची ती पहिलीच वेळ. हंगामभर सर्वाधिक आव्हाने जिंकलेली शे कूले हरली, कारण तिच्यासमोरच्या साशा वेलूरने व्हिटनी ह्यूस्टनच्या गाण्यात टोप उचलला आणि आतून गुलाबाच्या पाकळ्या ओघळल्या. त्याला नुसती चलाखी म्हणणे मला पटत नाही. असा टोप कपाळावरची जाळीदार कड (लेस) चिकटवून बसवता येत नाही. नाचताना तो हलता कामा नये आणि नेमक्या ओळीला एका हाताने सुटला पाहिजे. तरीही हंगामभराचे काम एका गाण्यावर तोलणे चूक होते, असे माझे मत आहे.

एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्काराबद्दलही गल्लत होते. स्पर्धा-मालिकेचा एमी या कार्यक्रमाला २०१८ ते २०२१ सलग आणि पुन्हा २०२३ चा मिळाला. तो निर्मात्यांचा. वेशभूषेच्या एमीत झाल्डी या डिझायनरचे नाव येते ते सूत्रसंचालक रुपॉल यांच्या गाऊनसाठी. स्पर्धकाने रात्री बसून शिवलेल्या पोशाखाला तिथे वेगळा रकाना नाही.

ड्रॅग रेसच्या बाजूने लिहिणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. रॅम्पवरचे बरेच गाऊन स्पर्धक घरून आणतात आणि ते अनेकदा दुसऱ्या डिझायनरने केलेले असतात. अशा गाऊनचे श्रेय सरसकट स्पर्धकाला देऊन चित्रपटांना कमी लेखणेही तितकेच चूक. तुलना करायची तर स्पर्धेच्या कार्यशाळेत सर्वांसमोर शिवलेल्या कपड्यांची आणि स्वतःच्या हाताने रंगवलेल्या चेहऱ्याची करावी.

म्हणून एक विनंती. पुरवणीत अशी छायाचित्रे छापताना खाली फक्त नटाचे किंवा स्पर्धकाचे नाव न देता रंगभूषा, टोप आणि पोशाख कोणाचा, हेही द्यावे. गेल्या रविवारच्या चार छायाचित्रांखाली एकाही वेशभूषाकाराचे नाव नव्हते.

आपला,
रंगभूषेच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे