प्रिंट फिकी आली की मशीनला शिव्या देऊ नका

मा. संपादक यांस,
स.न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेली चित्रं छापून येतात ती मी आवर्जून बघतो आणि दर वेळी जीव हळहळतो. चित्र चांगलं असतं हो, पण फोटो असा काढलेला असतो की एक बाजू उजळ तर दुसरी काळवंडलेली, वरची कड अरुंद आणि खालची रुंद, मधोमध ट्यूबलाईटची चकाकी. मग लोक म्हणतात पेपरवाल्यांची छपाईच खराब. माझं पंचवटीत फ्रेमिंगचं दुकान आहे, जोडीला चित्रांच्या प्रिंटही काढून देतो, त्यामुळे हे वाक्य मला जवळपास रोज ऐकावं लागतं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतायत, त्या गावात छपाईला नावं ठेवणं तसंही बरं दिसत नाही.

सांगायचं एवढंच की चित्र बिघडतं ते घरी फोटो काढताना. मशीनला जे दिलं तेच मशीन देणार.

मध्यंतरी एक कॉलेजची मुलगी आली, मोबाईलवर तिच्या जलरंगाच्या चित्राचा फोटो होता, नारोशंकराचं देऊळ आणि समोर गोदावरी, सकाळची वेळ. म्हणाली काका ए-थ्री प्रिंट पाहिजे, चार-पाच जणांनी मागितलीये. फोटोत पाणी पिवळं, आकाश पिवळं, उजवीकडे खिडकीच्या बाजूला तेच आकाश निळसर, आणि खालच्या कोपऱ्यात तिच्याच हाताची सावली. मी म्हटलं मूळ चित्र घेऊन ये. आणलं तर काय सुंदर! पाण्यावरचा उजेड तिने रंगवलाच नव्हता, तिथे कागद कोरा सोडलेला होता आणि सगळ्या चित्राचा जीव त्या कोऱ्या जागेत होता. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच असतो, त्यामुळे फोटोत कागद पिवळा पडला की रंग थोडा बदलला असं नसतं, चित्रच संपतं. आपल्या नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे सर, त्यांची घाटाची चित्रं ज्यांनी समोर उभं राहून बघितलीयत त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

आता हे टाळायला महागडा कॅमेरा लागतो असा सगळ्यांचा समज आहे, तो काढून टाका. पहिली गोष्ट म्हणजे घरातले दिवे बंद करा. खिडकीचा उजेड निळा, बल्ब पिवळा, ट्यूब हिरवट, हे तिन्ही एकत्र आले की कॅमेऱ्याने कितीही डोकं लढवलं तरी रंग जमत नाही आणि नंतर कॉम्प्युटरवरही तो गुंता सुटत नाही कारण प्रत्येक कोपऱ्यात वेगळा रंग असतो. एकच उजेड ठेवायचा. ढगाळ दिवशी व्हरांड्यात किंवा गच्चीच्या दारात, थेट ऊन नको, एवढ्यावरसुद्धा छान काम होतं, आणि नाशिकच्या पावसाळ्यात असे दिवस काय कमी असतात का. दिवे लावूनच करायचं तर दोन एकसारखे एलईडी घ्या, खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, लिहिलेला असतो तो ९० च्या वर बघा, साध्या एलईडी बल्बचा ८० च्या आसपास असतो आणि त्यात लाल रंग मरतात. चित्र भिंतीला सरळ लावायचं, दोन्ही बाजूंना एकेक दिवा, दोघांचं अंतर सारखं, आणि चित्राशी ४५ अंशात. समोरून फ्लॅश कधीच नाही.

उजेड दोन्हीकडून सारखा पडतोय का ते बघायची जुनी युक्ती आहे. चित्राच्या मध्यावर एक पेन्सिल भिंतीशी काटकोनात धरायची, डावीउजवीकडे दोन सावल्या पडतील, त्या लांबीला आणि गडदपणाला सारख्या दिसल्या की झालं, नाहीतर एक दिवा पुढेमागे करायचा. पेन्सिल जपून धरा मात्र, चित्राला टोक लागलं म्हणून मला फोन करू नका. आणि काच असलेली फ्रेम असेल तर चित्र बाहेर काढा, काचेवरून कधीही चांगला फोटो येत नाही, तुमचाच चेहरा येतो.

तिरपेपणाचंही तसंच आहे. कॅमेरा चित्राला अगदी समांतर पाहिजे, डोळ्याने बघून ते जमत नाही. एक छोटा सपाट आरसा घ्या, चित्राच्या मध्यावर टेकवून धरायला कुणाला तरी सांगा, आणि कॅमेऱ्यातून बघा. आरशात तुमच्याच लेन्सचा गोल बरोब्बर मधोमध दिसला की कॅमेरा सरळ आहे. आमच्याकडे हा आरसा म्हणजे बायकोच्या जुन्या पावडरच्या डबीतला आहे, बरीच वर्षं चाललाय.

कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ च्या आसपास, दोन सेकंदांचा टायमर म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही, आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काही फेरफार न केलेल्या कच्च्या फाईलमध्ये. फोन असेल तर चिकटून उभे राहू नका, लांब व्हा, टेलिची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, जवळून वाइड लेन्सने काढलं तर कडा बाहेर फुगतात आणि फोनची सावली पडते ती वेगळीच. फिल्टर, एचडीआर सगळं बंद, फोन स्वतःच्या मनाने रंग भडक करतो आणि आपल्याला वाटतं वा काय आलंय. पहिल्या फोटोत एक ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक करड्या रंगाचा पुठ्ठा, चित्राशेजारी ठेवा, त्यावरून नंतर रंग जुळवता येतो.

तैलरंगवाल्यांचा त्रास वेगळा. वार्निश केलेला कॅनव्हास म्हणजे चकाकीच चकाकी, ४५ अंश पाळूनही जाड स्ट्रोकच्या कडा चमकतातच. त्याला दिव्यांसमोर पोलरायझिंग शीट आणि लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर लावायचा आणि फिल्टर हळूहळू फिरवायचा, एका जागी चकाकी अशी गायब होते की पहिल्यांदा बघणारा माणूस चाटच पडतो. पण पूर्ण घालवू नका असं माझं मत आहे. सगळी चमक गेली की काळे रंग फार गडद होतात आणि स्ट्रोकचा उंचसखलपणा निघून चित्र सपाट दिसतं, थोडी राहू द्यावी.

एवढं सगळं करून मग लोक काय करतात, तर फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. साधा फोटो म्हणून पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे हिशोबाने ती प्रिंट सव्वापाच इंचांची झाली. ए-थ्रीला लांब बाजू ५००० च्या जवळपास लागते. बारा मेगापिक्सेलचा फोन असेल तर मूळ फाईल ए-फोरला आरामात पुरते, फक्त ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. आणि कुणी सांगितलं की सॉफ्टवेअरने मोठा करून देतो तर ऐकू नका, एखादी सही वगैरे वाचायला जा मग कळेल काय केलंय ते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो, फोटो कितीही चांगला असला तरी काही रंग छपाईत पूर्ण येत नाहीत. अल्ट्रामरीन निळा चार रंगांच्या छपाईत जांभळट होतो, फ्लुरोसंट गुलाबी तर विसराच. पिगमेंट इंक आणि कॉटन पेपर घेतला तर बरंच जवळ जाता येतं. म्हणून मी आधी एक छोटी पट्टी छापतो, मूळ चित्राशेजारी ठेवतो, आणि दुकानाच्या बाहेर उजेडात दोन्ही एकत्र बघतो. मूळ चित्र न आणता रंग मॅच करा म्हणणाऱ्यांना मी काय करू सांगा, मोबाईलच्या स्क्रीनशी मॅच करायचं की आठवणीशी?

चित्राच्या प्रती घरोघरी पोचवायचा खटाटोप आपल्याकडे काही आजचा नाही. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत लिथोचा, म्हणजे दगडावरून छपाईचा, छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला, प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा, आणि त्या प्रेससाठी फोटो-लिथोचं, म्हणजे फोटोवरून दगडावर चित्र उतरवायचं, काम कुणी केलं तर आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी. सिनेमा नंतरचा. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात सहलीला जातो आपण, पण कॅमेऱ्याने चित्राची नक्कल नीट कशी उतरवायची हे आज चित्रकला शिकणाऱ्या मुलांना कोण शिकवतं? वर्गात शेडिंग शिकवतात, पर्स्पेक्टिव्ह शिकवतात, मग स्पर्धेला चित्र ऑनलाईन पाठवायची वेळ येते आणि मुलगा ते पलंगावर टाकून वरून फोटो मारतो. परीक्षक बघणार तो फोटोच ना.

आता २०२७ चा सिंहस्थ येतोय, बाहेरून एवढी माणसं येणार, रामकुंडाची, काळारामाची चित्रं काढणारे आपल्याकडे भरपूर आहेत आणि प्रिंट विकून त्यांना चार पैसे मिळू शकतात. नाहीतर तिथे कुठली तरी नेटवरून उचललेली धुरकट चित्रं फ्लेक्सवर छापून विकली जातील.

म्हणून दोन मागण्या. एक तुमच्याकडे, पुरवणीत चित्रं मागवताना खाली चार ओळी छापा, फोटो कसा काढायचा आणि फाईल कशी पाठवायची याच्या. दुसरी, ज्यांच्याकडे प्रदर्शनाचे हॉल आहेत त्यांना, एखादी बिनखिडकीची खोली, करड्या रंगाची भिंत, दोन दिवे आणि एक स्टँड एवढंच ठेवा आणि नाममात्र फी घेऊन चित्रकारांना तासाभरासाठी द्या. भिंत मिळत असेल तर दिवे लावून द्यायला मी येतो, सोमवारी आमचं दुकान बंद असतं.

आपला,
एक फ्रेमवाला
पंचवटी, नाशिक