आधी पार्किंग बघा, मग गाडी

महोदय,

एसयूव्ही इलेक्ट्रिक घ्यावी की पेट्रोलची, या वादात दोन्हीकडचे लोक रेंज आणि मायलेजचे आकडे एकमेकांवर फेकत बसतात. मला विचाराल तर पहिला प्रश्न वेगळाच आहे: रात्री गाडी उभी राहते तिथे चार्जिंगची सोय आहे का? ती असेल आणि रोजची धाव शहरातच असेल, तर इलेक्ट्रिकला तोड नाही. सिग्नलला ब्रेक मारला की पेट्रोल गाडीची गतीची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. इलेक्ट्रिकमध्ये तिचा बराच भाग बॅटरीत परततो.

महामार्गावर मात्र चित्र पालटते. एसयूव्हीचे नाक उंच आणि रुंद. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि जाहिरातीतली रेंज भराभर उतरते. फटका पेट्रोललाही बसतोच, पण टाकी पाच मिनिटांत भरते. फास्ट चार्जिंग साधारण ८० टक्क्यांनंतर मंदावते, हे शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही! वारंवार लांबचा प्रवास आणि वाटेत भरवशाचे चार्जर नसतील, तर सरळ पेट्रोल घ्यावी.

जुनी इलेक्ट्रिक घेताना मात्र बॅटरीची स्थिती आणि उरलेली वॉरंटी आधी तपासा, किलोमीटर नंतर.

– एक वाचक