बीपी मशीनमधले अडकलेले सेल

ति. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

मशीनचा फोटो मिळाला. बाबा, स्क्रूड्रायव्हर आधी खणात ठेवून द्या. सेलचं कवच पातळ पत्र्याचं असतं. टोक आत घुसलं तर आतला द्रव उडून डोळ्यात जाऊ शकतो, आणि शेजारच्या सेलला धातू टेकून शॉर्ट झालं तर आणखी एक भानगड.

सेलवर ‘अल्कलाईन’ छापलेलं दिसतंय, म्हणजे गळलाय तो पोटॅशियम हायड्रॉक्साईड. हवेतल्या कार्बन डायऑक्साईडमुळे त्याचा पांढरा खर बनतो आणि सेल स्प्रिंगला चिकटून बसतो. हा खर अल्कलीचा, म्हणून त्याला आंबट लागतं. आई, पांढरं व्हिनेगर घे, नाहीतर लिंबाचा रस गाळून. भिंतीवरच्या घड्याळात ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेला सेल असेल तर तो झिंक-कार्बनचा. त्यातून गळतं ते आम्लाकडे झुकणारं, म्हणून तिथे चिमूटभर खाण्याचा सोडा दोन-तीन थेंब पाण्यात कालवून लावायचा. व्हिनेगर नाही.

खाली वर्तमानपत्र पसरा, भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला आणि बाबांचा चष्मा डोळ्यांवरच राहू दे. मशीन असं तिरकं धरा की सेलच्या कप्प्याचं तोंड खाली येईल, म्हणजे ओघळ आतल्या सर्किटकडे जाणार नाही. व्हिनेगर ओतायचं नाही. इअरबड बुडवून, निथळून स्प्रिंगच्या बाजूला टेकवायचा. बारीक फेस येईल, तो येऊ दे. पाच मिनिटांनी टिपून घ्या आणि पुन्हा लावा. फेस यायचा थांबला की खर विरघळला असं समजा.

आता सेल काढायचा तो अधिक खुणेच्या टोकाकडून. तिथे स्प्रिंग नसते, पत्र्याची पट्टी असते. सेल स्प्रिंगकडे किंचित दाबा आणि आइस्क्रीमच्या लाकडी काडीने अधिक टोक वर उचला. हलला नाही तर जोर करू नका, व्हिनेगरची आणखी एक फेरी द्या. गंजलेली स्प्रिंग दबत नाही, म्हणून सेल अडतो. अशा वेळी ओढाताण केली की स्प्रिंगच उपटून येते. सेल फुगून कप्प्यात घट्ट बसला असेल तर मात्र हे काम घरी करू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या.

सेल निघाले की स्प्रिंगच्या वेढ्यांमधला मळ खराट्याच्या हिराने काढा. पट्टीवर हिरवट थर असेल तर शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, धातू चकाकेपर्यंतच. जास्त घासलं तर वरचा मुलामा जातो आणि पुन्हा गंज चढतो. मग पाण्याने जेमतेम ओला केलेला इअरबड फिरवा, त्यावर सर्जिकल स्पिरिटचा, आणि कप्पा उघडा ठेवून एक दिवस पंख्याखाली वाळवा. उन्हात नको.

हाताला काही लागलं आणि बुळबुळीत वाटलं तर लगेच नळाखाली पंधरा मिनिटं धरा. त्यावर लिंबू-व्हिनेगर लावत बसू नका. डोळ्यात गेलं तर डोळा उघडा ठेवून तेवढाच वेळ पाणी मारा आणि तडक डॉक्टरांकडे जा.

नवे सेल चारही एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले घाला. तीन ताजे आणि एक जुना असेल तर जुना आधी संपतो, बाकीचे त्यातून प्रवाह ढकलतच राहतात, आत वायू साठतो आणि सील सुटतं. बाबांची ‘अजून चालेल’ म्हणून जुना सेल ठेवून द्यायची सवय नेमकी इथे नडते. अडॅप्टरवर मशीन वापरणार असाल तर सेल आत ठेवूच नका.

निघालेले सेल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरगुती घातक कचऱ्यात वेगळे द्या. बंबात किंवा शेकोटीत अजिबात नको, सेल फुटतो.

मशीन सुरू झालं तरी आकड्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. गळती वायरीच्या कडेने सर्किटपर्यंत पोचलेली असू शकते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना मशीन बरोबर न्या आणि त्यांच्या मशीनशेजारी दोन-तीनदा मोजून ताडून पाहा. तोवर घरच्या आकड्यावरून गोळी कमी-जास्त करायची नाही.

तुमची लेक