किनाऱ्यावरच्या घराची सवलत नकाशाअभावी अडली

महोदय,

किनारपट्टीवर स्वतःच्या राहण्यापुरते घर बांधणाऱ्याला परवानग्यांतून सूट द्यावी, अशी मागणी अधूनमधून होते. वास्तविक ती सूट १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेतच दिलेली आहे. स्वतःच्या वापराचे घर एकूण ३०० चौरस मीटर बांधकामापर्यंतचे असेल, तर राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नसून स्थानिक प्राधिकरणाने अधिसूचनेतील अटी तपासून मंजुरी द्यायची आहे. अडचण आहे ती या तपासण्यात.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली तालुक्यातील आमच्या जुन्या घराचे वासे मोडले आणि कौले वाडीभर पसरली. नवे घर समुद्रापासून थोडे मागे, चिऱ्याचे, दोन खोल्या आणि पडवीचे बांधायचे ठरवून आम्ही अर्ज केला. भरती रेषेपासून जागा किती अंतरावर आहे, असे विचारल्यावर संबंधित लिपिकाने १:२५,००० प्रमाणाचा नकाशा उलगडला. त्यावर भरती रेषेलगतची २०० मीटरची ना-विकास पट्टी, म्हणजे नव्या बांधकामाला सहसा मनाई असलेली जागा, जेमतेम ८ मिलिमीटर भरते, आणि पेनाची एक मिलिमीटर जाडीची रेघच २५ मीटर जमीन गिळते. घर रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे त्यावरून कोण सांगणार? जबाबदारी नको म्हणून फाइल मुंबईला राज्य प्राधिकरणाकडे पाठवली गेली, म्हणजे जी पायरी वगळलेली आहे तीच आम्हाला चढावी लागली.

सवलत सरसकट वाढवावी, असे मला मुळीच वाटत नाही. ३०० चौरस मीटर म्हणजे सुमारे ३,२०० चौरस फूट; एवढे घर आमच्याकडचा कोळी बांधव बांधत नाही, ते बांधतो शनिवार-रविवारपुरता येणारा बंगलेवाला, आणि पुढे तेच ‘स्वतःचे’ घर पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने मिळू लागते. तेव्हा मर्यादा आहे तेवढी पुरे आहे.

हवा आहे तो गावाचा नकाशा. स्थानिक संस्थांच्या वापरासाठी १:३९६० किंवा त्याच्या जवळपासच्या प्रमाणाचे, सर्वे नंबर दाखवणारे नकाशे तयार करण्याची तरतूद त्याच अधिसूचनेत आहे. त्या प्रमाणात २०० मीटर म्हणजे पाच सेंटिमीटर होतात आणि शाळेच्या पट्टीनेही मोजता येतात. असे नकाशे किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकांना पाहता येतील असे लावावेत, आणि अर्ज फेटाळताना किंवा वर पाठवताना त्यावरील नेमके अंतर लेखी नोंदवणे बंधनकारक करावे.

— एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी