बदलीचा अर्ज न देण्याविषयी

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

उदगीरच्या महाविद्यालयात बदली मागण्याचा अर्ज मी या वर्षी दिला नाही आणि पुढची दोन वर्षे तरी देणार नाही. हे फोनवर सांगितले असते तर आईने नुसते "बरं" म्हणून फोन ठेवला असता आणि बाबांपर्यंत ते भलत्याच शब्दांत पोचले असते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. कारण तुम्हाला अर्धेअधिक ठाऊक आहे. हवाई दलाच्या इतिहासासाठी जी संस्था काढण्याचे मी दिवाळीत बोलले होते, तिची नोंदणी झाली असून सचिव म्हणून माझे नाव लागले आहे.

बाबा, संस्था काढणे म्हणजे दहा जणांची भांडणे आपल्या ओसरीवर आणणे, हे तुमचे मत मला पाठ आहे. आत्याच्या पतसंस्थेच्या वेळी काय झाले, तेही मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच या वेळी कागद आधी पक्के केले. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात तेवढ्यावर भागत नाही, 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद करावी लागते. घटना आणि नियमावली, इतिवृत्ताची वही, संस्थेचे स्वतंत्र पॅन आणि बँकखाते, दरवर्षी सनदी लेखापालाने तपासलेले हिशेब, आणि कार्यकारिणीतले एक नाव जरी बदलले तरी फेरफार अहवाल, हे सारे सचिवाने जागेवर राहून सांभाळायचे असते. ज्या संस्थांचा सचिव पहिल्या दोन वर्षांत गाव सोडतो, त्या पुढे केवळ लेटरहेडवर उरतात, असे माझे निरीक्षण आहे. खात्यातून दोन सह्यांशिवाय रुपयाही निघत नाही. तुमच्या पेन्शनला किंवा आईच्या ठेवीला हात लावलेला नाही, लावणारही नाही. नावात 'भारतीय' किंवा 'राष्ट्रीय' असे शब्द आम्ही घेतले नाहीत, कारण शासनाचा आश्रय असल्याचा भास होईल अशी नावे आणि चिन्हे वापरण्याला कायद्याने मनाई आहे. हवाई दलाचे चिन्ह लेटरहेडवर कुठेही नाही. तुमचा पहिला प्रश्न तोच असणार होता.

दुसरा प्रश्न असेल, एवढी घाई कशाची? बाबा, घाई तुमच्या पिढीच्या वयाची आहे. यापेक्षा मऊ शब्दांत हे मला लिहिता येत नाही. 1971 च्या युद्धाच्या वेळी जे विशीत होते, ते आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. हवाई दल 8 ऑक्टोबर 1932 रोजी स्थापन झाले आणि 1 एप्रिल 1933 रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर वापिती विमानांसह पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, हे कोणत्याही पुस्तकात मिळते. त्या पहिल्या तुकडीतल्या सुब्रतो मुखर्जींचे पुढे 1954 मध्ये हवाई दलप्रमुख होणेही सर्वांना माहीत आहे. त्याच तुकडीत ज्यांना 'हवाई सिपाही' म्हणत, त्या जमिनीवर राबणाऱ्या माणसांची नावे मात्र मी विद्यार्थ्यांना विचारते तेव्हा वर्ग गप्प असतो, आणि खरे सांगायचे तर मलाही ती सगळी सांगता येत नाहीत. वैमानिकाकडे त्याचे लॉगबुक असते, आणि त्यात उड्डाणा-उड्डाणाचा हिशेब राहतो. तुम्ही आयुष्यभर ज्या फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदीवर, सही केलीत, तो कागद मात्र कधी कुणाच्या घरी आला नाही. मराठवाड्यातून एअरमन, म्हणजे हवाई दलातले शिपाई, म्हणून गेलेल्या मुलांचा इतिहास अशा सह्यांखाली राहिला आहे आणि तो आता फक्त त्यांच्या तोंडीच शिल्लक आहे.

"आम्ही काय केले, बंदुका भरल्या" असे तुम्ही म्हणाल. हंटर या लढाऊ विमानाच्या पोटातल्या चार 30 मिलिमीटर एडन तोफांचा संच अख्खाच खाली उतरवून त्या जागी भरलेला संच चढवता येई, म्हणून ते विमान काही मिनिटांत पुन्हा लढायला तयार होई, हे पुस्तकात एका ओळीत असते. त्या संचाखाली डिसेंबरच्या थंडीत कोण उभे राहत होते, 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला तेव्हा हातातले काम टाकून खंदकात जायचे की आधी गोळ्यांच्या पेट्या झाकायच्या हे कोण ठरवत होते, हे त्या ओळीत नसते. तुमचा उजवा खांदा आजही पाऊस येण्याआधी दुखतो. माझ्या मते त्या दुखण्याचीही नोंद इतिहासात असायला हवी.

गोपनीयतेची चिंता करू नका. सेवेत असलेल्या कोणत्याही विमानाविषयी किंवा तळाविषयी आम्ही विचारत नाही. हंटर 2001 मध्ये, कॅनबेरा 2007 मध्ये आणि मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झाले. संरक्षण मंत्रालयानेही 2021 मध्ये युद्धांचा इतिहास लिहिण्याविषयी आणि जुन्या नोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांत खुल्या करण्याविषयी धोरण जाहीर केले आहे. आमची पद्धत अशी आहे की मुलाखतीआधी लेखी संमती घ्यायची, मजकूर कागदावर उतरला की सांगणाऱ्याला वाचून दाखवायचा आणि त्याने जे काढ म्हटले ते वाद न घालता काढायचे. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहायच्या. पदके, गणवेश, मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. छायाचित्राची प्रत केली की मूळ त्याच दिवशी परत.

हे काम मराठवाड्यातच कशाला, असे दादा नक्की म्हणेल. निजामाने पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या 110 क्रमांकाच्या स्क्वाड्रनसाठी डी.एच. 9ए विमानांचे पैसे दिले, आणि त्या स्क्वाड्रनच्या नावात 'हैदराबाद' आले. ज्या तिजोरीतून ती विमाने उडाली तिच्यात आपल्या पणजोबांचाही शेतसारा होता. 1956 पर्यंत आपले उदगीर बीदर जिल्ह्यात होते आणि आज त्याच बीदरला वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. 2021 ते 2024 या काळात हवाई दलप्रमुख असलेले विवेक राम चौधरी मूळचे नांदेड जिल्ह्यातले. एवढे असून आपल्याकडे या विषयाचे एक कपाटदेखील नाही.

आई, तू मनात म्हणत असशील की हिला कपाटाची काळजी आहे आणि आमची नाही. तसे नाही गं. सकाळच्या मावशी आता संध्याकाळीही येतील, त्यांच्याशी मी बोलले आहे आणि त्यांचे पैसे मी इथूनच पाठवीन, तू त्यात पडू नकोस. न्हाणीघरात हाताला धरायला दांडा बसवायला गवंडी येणार आहे. इन्व्हर्टरची बॅटरी बदलून झाली. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी येणार, आणि बाबांच्या हृदयाच्या तपासणीला लातूरला मीच नेणार, त्यात बदल नाही.

पत्र लिहिता लिहिता हलवाऱ्याच्या हवाई तळावरचे आपले क्वार्टर आठवले. बाबा परेडला जायच्या आदल्या रात्री मी त्यांच्या पट्ट्याचे बक्कल ब्रासोने घासायचे आणि ते आधीच लखलखत असले तरी बाबा "अजून थोडे राहिले" म्हणायचे, म्हणजे मला आणखी थोडा वेळ त्यांच्याजवळ बसता यायचे. आई, तेव्हा तू दादाच्या आजारपणात एकटीने जे निभावलेस, त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. संस्थेच्या कामात कुटुंबीयांच्या आठवणींचा वेगळा विभाग मी हट्टाने घालून घेतला, त्यामागे तू आहेस. 'द्वारा 56 एपीओ' या लष्करी टपालाच्या पत्त्यावर लिहिलेली तुझी आंतरदेशीय पत्रे कुणाला वाचायला द्यायची की नाही, हे सर्वस्वी तू ठरव. नको म्हणालीस तर तो विषय मी पुन्हा काढणार नाही.

आता नीट ऐका. बाबांनी कानाचे यंत्र टीव्हीपुरते न वापरता दिवसभर लावायचे, कारण पुढच्या महिन्यात लातूरहून आमचे एक सहकारी तुमची मुलाखत घ्यायला येतील. मी घेणार नाही, मला तुम्ही सगळे थोडक्यात आणि सौम्य करून सांगता. एका बैठकीत एक तासापेक्षा जास्त बोलायचे नाही. रक्तदाबाची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची, "आज बरे वाटते" म्हणून चुकवायची नाही. काळी ट्रंक माळ्यावरून तुम्ही स्वतः उतरवायची नाही, मी येईपर्यंत तिला हात लावू नका. अल्बममधले फोटो खरवडून काढू नका. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत असतील तर आईने ते काढून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावेत.

बदलीचे दादाला एवढ्यात सांगू नका, रविवारी मी त्याच्याशी स्वतः बोलते.

तुमची,
ताई