पहिल्या सहा आठवड्यांसाठी सोबती हवेत

सप्रेम नमस्कार.

पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलामुलींसाठी आमचं मंडळ सोबती-गट चालवतं. वरच्या वर्गातले दोन विद्यार्थी आणि नवे आठ, असा एक गट. कुणी याला मेंटॉरिंग म्हणतात. आम्ही सोबती म्हणतो, कारण काम मुख्यतः सोबत करण्याचंच आहे. येत्या वर्षासाठी आम्हाला माणसं हवी आहेत, बसायला खोल्या हव्यात, काही वस्तू आणि थोडा पैसा हवा आहे. नेमकं काय आणि कशासाठी, ते खाली सविस्तर लिहितो आहोत.

पहिल्या आठवड्यातली मधली सुट्टी डोळ्यांसमोर आणा. वर्ग रिकामा होतो. एक मुलगी बाकावरच थांबते. बॅगेची चेन उघडते, वही आत ठेवते, पुन्हा बाहेर काढते. फोन बघते, त्यावर काही आलेलं नसतं. दाराबाहेर चौघींचा घोळका उभा आहे. त्यातली एक आत्ताच तिच्या शेजारी बसली होती, पण “मी येऊ का?” एवढं विचारायला तोंड उघडत नाही. सुट्टी संपते. असे दहा-बारा दिवस गेले की तिची खात्री पटते, बाकी सगळ्यांचं जमलंय, आपलंच जमत नाही. घोळक्यातल्या एखादीलाही तसंच वाटत असतं, पण हे कुणी कुणाला बोलून दाखवत नाही. मग एक तास बुडतो, मग आठवडा. आठवडाभर न आलेल्याला पुन्हा वर्गात पाऊल टाकणं पहिल्या दिवसापेक्षा जड जातं. पुढे शिक्षण सुटलं की “अभ्यास झेपला नाही” असं म्हटलं जातं. पुष्कळदा सुरुवात त्या बाकावर झालेली असते.

यावर मोठा स्वागत समारंभ हा उपाय नाही. 2011 मध्ये ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा एक प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलांचं म्हणणं वाचायला दिलं: आपण इथले नाही असं सुरुवातीला आम्हालाही वाटायचं, हळूहळू ते गेलं. तासाभराचं काम. त्यानंतरच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. हे वाचून वाटेल, मग एक चांगलं भाषण ठेवू. पण 2023 मध्ये याच धर्तीच्या प्रयोगाचे 22 संस्थांतले निष्कर्ष आले, विद्यार्थी 26 हजारांहून जास्त. त्यात दिसलं ते असं, की जिथे त्या मुलांना सामावून घेणारी जागा खरोखरच होती, तिथेच त्या शब्दांचा उपयोग झाला. आम्ही तुमच्याकडे मदत मागतो आहोत ती ही जागा तयार करण्यासाठी.

आठच विद्यार्थी का, असं नेहमी विचारलं जातं. चारांच्या गटात दोघं गैरहजर राहिले की बैठकच उरत नाही. पंधरांच्या गटात पाच बोलतात आणि दहा ऐकतात. आठांमधले तिघं आले नाहीत तरी पाच जण गोल करून बसू शकतात. आणि सोबती दोन असतात, कारण एकाची परीक्षा किंवा आजारपण आलं तरी गटाचा वार चुकत नाही. वार चुकणं हे गट मोडण्याचं सगळ्यात साधं कारण आहे. या हिशोबाने दर 120 नव्या विद्यार्थ्यांमागे 15 गट, 30 सोबती आणि निदान चार राखीव लागतात. राखीव ठेवले नाहीत तर पहिल्या परीक्षेच्या सुमारास दोन-तीन गट पोरके होतात.

काम वर्ग सुरू होण्याआधी चार-पाच दिवस सुरू होतं. सोबत्याने प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवायचा, ग्रुपवर नाही. “काही अडलं तर सांग” हा निरोप प्रेमाने लिहिलेला असला तरी निरुपयोगी असतो. अडलंय हे ओळखायचं, अनोळखी माणसाला विचारायचं, हा सगळा भार तो नव्यावरच टाकतो. त्यापेक्षा असं लिहायचं: “मी दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी पावणेनऊ ते सव्वानऊ मुख्य दाराच्या आतल्या पायऱ्यांपाशी उभी असेन, हातात निळी फाइल. तुझा पहिला तास कुठल्या खोलीत आहे ते मला माहीत आहे, तिथपर्यंत सोबत जाऊ.” यात वेळ आहे, जागा आहे, खूण आहे, आणि समोरच्याला फक्त यायचं आहे.

पहिल्या बैठकीत ओळख करून देताना गुण, टक्केवारी, शाळेचं नाव विचारायचं नाही. तिथेच उतरंड लागते. आधी दोघादोघांनी चार मिनिटं बोलायचं, मग प्रत्येकाने आपल्या जोडीदाराबद्दल एक गोष्ट सांगायची. आठ जणांसमोर स्वतःबद्दल बोलण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं जातं. उरलेल्या वेळात फेरी: ग्रंथालय, कार्यालयाची खिडकी, पाणी, स्वच्छतागृह, आणि कुणी न उठवता तासभर बसता येईल अशी एक जागा. ही शेवटची जागा आवर्जून दाखवावी. एकट्या पडलेल्या मुलाला ती सगळ्यात आधी लागते आणि नकाशात ती कधीच नसते.

पहिले सहा आठवडे दर आठवड्याला एक तास, त्याच वारी, त्याच खोलीत. नंतर सत्र संपेपर्यंत पंधरवड्यातून एकदा. दुसऱ्या आठवड्यात दोघादोघांना घेऊन एका प्राध्यापकांना भेटायचं: दार वाजवायचं, आपला वर्ग सांगायचा, एक प्रश्न विचारायचा, निघायचं. पाच मिनिटांचं काम, पण एकदा केलं की दार ओळखीचं होतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात प्रत्येकाने गटातल्याच आणखी एकाबरोबर कुठल्यातरी मंडळात, खेळात किंवा उपक्रमात जायचं. पहिल्या खेपेला सोबती बरोबर असतो, दुसऱ्या खेपेला नसतो. जेफ्री हॉल यांच्या 2018 च्या अभ्यासात नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र जावे लागतात असं आढळलं, घट्ट मैत्रीला 200 हून अधिक. आमच्या सहा बैठका म्हणजे सहा तास. त्या मैत्री घडवू शकत नाहीत. उरलेले तास कुणाबरोबर घालवायचे, एवढं त्या ठरवून देतात. म्हणूनच नव्यांनी फक्त सोबत्यालाच चिकटून राहणं हे गट बिघडल्याचं लक्षण मानावं, दिसायला ते कितीही गोड असलं तरी.

पहिल्या चाचणीचा निकाल लागला की तीन दिवसांच्या आत भेट झालीच पाहिजे. कमी गुण पडलेला विद्यार्थी “पेपर चुकला” असं म्हणत नाही, “मी इथे यायलाच नको होतं” असं म्हणतो. त्या वेळी सोबत्याने धीराचे शब्द देत बसू नये. उत्तरपत्रिका मागून घ्यावी, दोघांनी एक प्रश्न पाहावा आणि कुठे काय राहिलं ते शोधावं. मात्र गृहपाठ किंवा प्रॅक्टिकलची वही करून देऊ नये. एकदा करून दिली की पुढे तेवढंच मागितलं जातं.

लागोपाठ दोन बैठकांना कुणी आलं नाही तर दुसऱ्या बैठकीनंतर 48 तासांत फोन करायचा. “का आला नाहीस?” असं विचारलं की समोरून सबब येते. “तुझी खुर्ची ठेवली होती, पुढच्या वेळी तुझ्याबरोबर खालून वर येऊ का?” असं विचारलं की बहुतेक वेळा खरं कारण येतं. सोबती हजेरी कार्यालयात कळवत नाहीत, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं लागतं.

सोबती हा समुपदेशक नाही. कुणी जिवाचं बरंवाईट करून घेण्याबद्दल बोललं तर त्याला एकटं सोडायचं नाही, गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, आणि नेमून दिलेल्या जबाबदार मोठ्या माणसाला तत्काळ कळवायचं. यात सोबत्याने स्वतःचा अंदाज चालवायचा नाही. भेटी उघड्या जागी आणि दिवसा. उसने पैसे घ्यायचे-द्यायचे नाहीत. चेष्टा, हुकूम, “सीनिअर आहे म्हणून” कामं सांगणं, यातलं काहीही झालं तर सोबत्याला त्याच दिवशी बाजूला केलं जातं.

आता मागणं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्यांनी नावं द्यावीत. आठवड्याला जास्तीत जास्त तीन तास, आणि सुरुवातीला दोन दिवसांचं, एकूण दहा तासांचं प्रशिक्षण. हुशार, बोलक्या मुलांचीच गरज आहे असं नाही. पहिलं वर्ष ज्यांना जड गेलं, ज्यांच्या घरातून महाविद्यालयात आधी कुणी गेलेलं नाही, ज्यांना शिकवण्याची भाषा सुरुवातीला परकी वाटली, त्यांनी जरूर यावं. मुलींनीही मोठ्या संख्येने यावं, विशेषतः जिथे वर्गात मुली मोजक्याच असतात अशा शाखांतल्या. तारा डेनेही आणि निलांजना दासगुप्ता यांच्या 2017 च्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ज्या मुलींना वरच्या वर्गातली मुलगी सोबती म्हणून मिळाली, त्यांच्यापैकी एकीनेही त्या वर्षाअखेरपर्यंत शाखा सोडली नाही.

माजी विद्यार्थी आणि नोकरदार मंडळींकडून आम्हाला पंधरवड्यातली एक संध्याकाळ हवी आहे. पाच-सहा सोबत्यांना घेऊन पाऊण तास बसायचं आणि त्यांचं ऐकायचं. वेळ कमी पडला की ही बैठक सगळ्यात आधी गाळली जाते आणि तिथूनच सोबती थकायला लागतात: दुसऱ्याची दुःखं ऐकतात, ती ठेवायला त्यांना जागा नसते. समुपदेशक किंवा डॉक्टर असाल तर प्रशिक्षणातले दोन तास आणि अडीअडचणीला फोनवर सल्ला, एवढं पुरे.

खोल्या: दर आठवड्याला तोच एक तास, खुर्च्या हलवता येतील अशी. पायऱ्या-पायऱ्यांचं सभागृह चालत नाही, तिथे गोल करून बसता येत नाही.

वस्तू: वापरलेली पण चालू स्थितीतली कॅल्क्युलेटर, प्रयोगशाळेचे कोट, चालू अभ्यासक्रमाची पुस्तकं, चार्जरसह लॅपटॉप. जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं कृपया देऊ नयेत, ती निवडण्यातच आमचे दिवस जातात.

पैसा तीन गोष्टींसाठी लागतो: सोबत्यांचे फोन-रिचार्ज, प्रशिक्षणाची छपाई, आणि तातडीचा छोटा निधी. शिष्यवृत्ती हातात पडेपर्यंतच्या काळात प्रवासभाडं किंवा परीक्षा शुल्क अडलं की मुलं गुपचूप यायची थांबतात. हा निधी सोबत्यांच्या हातून दिला जात नाही, कारण पैसे देणारा आणि घेणारा झाले की दोघांना बरोबरीने बसता येत नाही. दोन शिक्षक सहीने देतात, घेणाऱ्याचं नाव जाहीर होत नाही, आणि एकूण जमाखर्च दर महिन्याला सूचनाफलकावर लागतो. बॅनर, स्मृतिचिन्हं, टी-शर्ट यांसाठी देणगी देऊ नये ही नम्र विनंती.

विद्यार्थी कक्षात नोंदवही ठेवली आहे. तिथे नाव, फोन, काय देऊ शकता ते आणि वेळ देणार असाल तर आठवड्यातला नक्की जमणारा एक वार लिहावा. “जमेल तेव्हा” असं लिहू नये, एकच वार लिहावा, पण तो सहाही आठवडे पाळता येईल असा. वर्ग सुरू होण्याच्या चार आठवडे आधी नोंदणी थांबेल, कारण त्यानंतर प्रशिक्षणाला आणि गट पाडायला वेळ उरत नाही. वस्तू आणि पैसे मात्र सत्रभर स्वीकारू.